रेघ ओढायच्या आधी: जुन्या व्यापारी वाटांच्या नकाशांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की जुन्या काळातल्या व्यापाराच्या वाटा आता कॉम्प्युटरवर कशा मांडतात याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, आणि पत्रं, मेल एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाबद्दलच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण या कामातली जवळपास प्रत्येक अडचण त्या एका प्रश्नात येते.

प्रश्न: सिल्क रोडचा नकाशा शाळेच्या पुस्तकात होताच की, चीनपासून रोमपर्यंत लाल रेघ. तीच गूगलच्या नकाशावर बसवली की झालं ना डिजिटल? यात नवीन काय करतात? (सोलापूरचे एक वाचक)

उत्तर: नाही हो दादा, ती लाल रेघच मुळात अडचणीची आहे. 'सिल्क रोड' हे नाव त्या वाटांवरून चालणाऱ्या लोकांचं नाहीच, ते रूढ केलं फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १८७७ साली, म्हणजे उंटांचे तांडे जाऊन कित्येक शतकं झाल्यावर. आणि तो एक रस्ता कधीच नव्हता. रेशमाचा गठ्ठा चीनहून भूमध्य समुद्रापर्यंत पोचायचा पण तो घेऊन निघालेला माणूस सहसा पोचायचा नाही, माल या हातातून त्या हातात, या बाजारातून त्या बाजारात सरकत जायचा. रेघ बघितली की वाटतं कुणीतरी एकजण इथून निघाला आणि थेट तिथं गेला.

ऑरेल स्टाईन या पुरातत्त्व संशोधकाला १९०७ साली चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दियन, म्हणजे समरकंदकडच्या, व्यापाऱ्यांची पत्रं सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, त्यातलं एक पार समरकंदला जायचं होतं आणि ते कधी पोचलंच नाही. या पत्रांवरून कळतं की समरकंदकडची माणसं चीनमधल्या कुठल्या कुठल्या गावांत राहून धंदा करत होती. डिजिटल नकाशात असं एकेक पत्र म्हणजे एकेक नोंद होते. ठिकाण म्हणजे टिंब, दोन ठिकाणांमधला प्रवास म्हणजे दुवा, आणि प्रत्येक दुव्याला माहिती चिकटवलेली असते, कुठला काळ, कुठला माल, किती दिवस, कशावरून कळलं. छापील रेघेला तुम्ही 'कशावरून?' असं विचारू शकत नाही, या दुव्याला विचारता येतं, मला विचाराल तर नवीन असेल तर ते एवढंच आहे आणि ते फार मोठं आहे. युनेस्कोनं २०१४ मध्ये वारसा म्हणून जे जाहीर केलं तेसुद्धा सगळ्या रेशीम मार्गाचं नाव देऊन नाही, तर छांगआन ते तिएनशान हा एक पट्टा, चीन, कझाकस्तान आणि किरगिझस्तान मिळून ३३ ठिकाणं. दुसरा पट्टा २०२३ मध्ये आला, जराफशान ते काराकुम.

या पद्धतीचं चांगलं उदाहरण बघायचं असेल तर स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचं 'ऑर्बिस' बघा, वॉल्टर शायडेल आणि एलायजा मीक्स यांनी २०१२ साली लोकांसाठी खुलं केलं. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं रोमन साम्राज्य, त्यातले रस्ते, नद्या, समुद्रातले मार्ग, आणि तुम्ही दोन गावं, महिना आणि वाहन निवडायचं, मग ते सांगतं किती दिवस लागतील आणि खर्च किती. खर्चासाठी त्यांनी सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकाचा आधार घेतलाय. त्यात नकाशा किलोमीटरचा राहत नाही, दिवसांचा आणि पैशांचा होतो, समुद्रापलीकडचं बंदर जवळ येतं आणि डोंगरामागचं गाव लांब जातं, आणि व्यापाऱ्याच्या डोक्यातला नकाशा असाच असणार ना.

प्रश्न: आमचं गाव तेरजवळ. लोकं गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात, कुणी लामतुरे म्युझियम बघतं आणि जातात. इंटरनेटवरच्या नकाशात तेर म्हणजे 'तगर' दाखवतात आणि तिथून भडोचपर्यंत रेघ असते. ही रेघ कुणी पाहिली? कशाच्या आधारावर काढतात? (धाराशिव जिल्ह्यातले एक वाचक)

उत्तर: असा प्रश्न आला की फार बरं वाटतं. रेघ कुणीच पाहिलेली नाही, आपल्याकडे आहेत ती फक्त काही वाक्यं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक छोटं पुस्तक आहे, इजिप्तमधून निघून तांबड्या समुद्रातून इकडे व्यापाराला येणाऱ्यांसाठी लिहिलेलं, कुठल्या बंदरात काय विकतं आणि काय मिळतं असं. त्यात म्हटलंय की बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला सुमारे २० दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. दोन्हीकडून माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठाल्या मुलखातून भडोचला येतो, पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि समुद्रकाठच्या भागातून तगरला येऊन पडलेला इतर माल.

आता हे कॉम्प्युटरला कसं द्यायचं? भडोच कुठंय ते पक्कं, पैठण कुठंय ते पक्कं. दोघांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजलं तर साधारण ३५० किलोमीटर भरतं, त्याला २० दिवस, म्हणजे दिवसाला सरळ रेषेत साडेसतरा. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची, म्हणजे बैलगाडी रोज वीस-बावीस किलोमीटर चालत असणार, आणि ज्यांनी बैलगाडीचा प्रवास केलाय असे घरातले म्हातारे अजून असतील तर त्यांना विचारा, हा आकडा त्यांना पटेल. तोच वेग पुढच्या १० दिवसांना लावला की पैठणभोवती साधारण १७५ किलोमीटरचं एक वर्तुळ पडतं आणि तगर त्या वर्तुळाच्या आसपास कुठंतरी पाहिजे. एकोणिसाव्या शतकात कुणी तगर म्हणजे देवगिरी म्हणत होतं, कुणी जुन्नर म्हणत होतं. देवगिरी पैठणपासून सरळ ५५ किलोमीटरसुद्धा नाही आणि तेही उत्तरेला, म्हणजे गेलं. जुन्नर अंतरात मस्त बसतं, १६० च्या आसपास, पण ते पश्चिमेला, अगदी उलट्या दिशेला. तेर १५० किलोमीटरवर आग्नेयेला. पूर्वेला म्हणता येईल असं अगदी नाही, दक्षिणेकडे बरंच झुकलेलं आहे, पण त्या पुस्तकातल्या दिशा ढोबळच आहेत, भडोचहून पैठणसुद्धा निव्वळ दक्षिणेला नाही, आग्नेयेलाच आहे.

पण नुसतं वर्तुळात बसलं म्हणून तेर ठरत नाही हे लक्षात घ्या, वर्तुळात शंभर गावं बसतील. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, म्हणजे हे नाव नंतरच्या काळातही जिवंत होतं, तगर आणि तेर या नावांचं नातं उघड आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तेरचं नाव ठामपणे मांडलं. नंतर जमिनीतूनच साक्ष निघाली. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, जालना जिल्ह्यात भोकरदनलाही तशी मिळाली, आणि अगदी त्याच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईमध्ये सापडलेली आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच तिकडे पोचलेली होती. तुमच्या गावाजवळच्या म्युझियममध्ये त्या मूर्तीसमोर उभं राहिलात की एक मिनिट हे आठवा.

आता टिंबं झाली, मधली रेघ राहिली. भडोचहून पैठणला यायचं तर तापीचं खोरं धरून खानदेशातून येऊन कन्नडच्या बाजूनं डोंगर चढता येतो किंवा नाशिकच्या अंगानं येता येतं. पहिल्या वाटेच्या बाजूनं एक चांगला साक्षीदार आहे, पितळखोऱ्याची लेणी, खानदेशात उतरणाऱ्या कड्यावरच, आणि तिथल्या कोरीव लेखांमध्ये दान देणारे लोक पैठणचे आहेत, एक तर गंधिक, म्हणजे सुगंधी वस्तूंचा धंदा करणारा. पैठणचा व्यापारी आपल्या वाटेवरच्या लेण्याला दान देणार हे समजू शकतो. पण यावरून गाड्या तिथूनच उतरायच्या हे सिद्ध होत नाही. म्हणून हा तुकडा तुटक रेघेनं दाखवायचा, दुसरी शक्यता पण तुटक रेघेनं, आणि क्लिक केल्यावर पुरावा काय ते दिसलं पाहिजे. हे मी ठासून सांगतोय कारण हा नकाशा पहिल्यांदा मी केला तेव्हा छान ठळक सलग रेघ ओढली होती, लोकांनी शेअर केली, आणि दोन वर्षांनी एका शाळेच्या भिंतीवर ती मोठी करून रंगवलेली बघितली, मुलं ती पाठ करत होती. फार वाईट वाटलं मला. माझा अंदाज त्या मुलांपर्यंत पोचेपर्यंत इतिहास होऊन बसला होता.

अजून एक. पैठणहून कल्याण भडोचपेक्षा शंभरेक किलोमीटर जवळ आहे, मग माल एवढा लांब भडोचला का? त्याचं उत्तर त्याच पुस्तकात आहे, कल्याण आधी रीतसर चालू असलेलं बंदर होतं पण सत्ता बदलल्यावर तिथं अडथळे आले आणि चुकून तिथं लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. म्हणजे वाट राजकारणानं वाकवली. हे कुठलंही सॉफ्टवेअर डोंगर-दऱ्या बघून सांगू शकणार नाही, यासाठी वाचावंच लागतं.

आणि टॉलेमीनं दिलेले आकडे वापरता येतील का असं एकानं विचारलंय ते इथंच घेतो. टॉलेमी या ग्रीक भूगोलतज्ज्ञानं इसवी सन १५० च्या सुमारास हजारो गावांचे अक्षांश-रेखांश दिलेत, त्यात पैठण आहे, 'सिरो पोलेमायोस'ची राजधानी म्हणून, म्हणजे आपला सातवाहन राजा श्री पुळुमावी, आणि तगरही आहे. पण ते आकडे सरळ जीपीएसमध्ये टाकू नका, त्याच्या नकाशात आपला देश चेपलेला आहे, किनारा उत्तर-दक्षिण जायच्या ऐवजी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. ते आकडे म्हणजे त्यानं ऐकलेल्या प्रवासांचं गणित आहे, मोजणी नाही. एकमेकांच्या आगे-मागे कुठलं गाव एवढं बघायला मात्र उपयोगी.

प्रश्न: कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. 'लीस्ट कॉस्ट पाथ' चालवून प्राचीन रस्ते शोधतात असं वाचलं. हे विश्वासार्ह आहे का? प्रोजेक्टला घ्यावं का? (पुण्याचा एक विद्यार्थी)

उत्तर: घे ना, पण काय करतोयस ते समजून घे. जमिनीच्या उंचीचा डेटा घ्यायचा, तो आता फुकट मिळतो, फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली त्यातून साधारण ३० मीटरच्या चौकटींचा डेटा तयार झाला. मग प्रत्येक चौकटीतून जायला किती कष्ट हे ठरवायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं की सगळ्यात कमी कष्टाची वाट शोध. चालण्यासाठी वॉल्डो टॉब्लर यांचं १९९३ चं सूत्र बहुतेकजण वापरतात, त्यात सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, अगदी हलक्या उतारावर ६, आणि चढ वाढला की वेग झपाट्यानं पडतो.

पण ते सूत्र माणसाचं आहे. लादलेला बैल, गाडी, उंट, खेचर यांचं वेगळं. गाडीला चढापेक्षा उतार जास्त धोक्याचा, उंटाला पाणी लागतं पण रोज नाही, बैलाला रोज लागतं. इब्न बतूता हा प्रवासी १३५२ साली सहारा ओलांडताना मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून निघून २५ दिवसांनी तगाझाला पोचला, मिठाच्या लाद्यांची घरं आणि वर उंटाच्या कातड्याचं छप्पर असलेलं गाव, त्या वाटेवर उतार-चढाव हा प्रश्नच नाही, विहीर कुठंय एवढाच प्रश्न. तिथं उंचीचा डेटा चालवून काय मिळणार? कष्ट कशाला म्हणायचं ते प्रदेश बघून ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट, डेटा आजचा आहे. पैठणचंच बघ, जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, नाथसागर उपग्रहाच्या डेटात एकदम गुळगुळीत सपाट दिसतो, आणि कॉम्प्युटरला सपाट म्हणजे सगळ्यात सोपी वाट, तो सातवाहनांच्या गाड्या खुशाल पाण्यावरून नेतो. उजनीला तेच. आधी धरणं काढून टाकावी लागतात, जुन्या नकाशांवरून नदीचं पात्र परत आखावं लागतं, खाडी गाळानं भरली असेल तर किनारा मागे सरकवावा लागतो, सोपाऱ्याला आज गेलास तर बंदर कुठं होतं हे चटकन कळणार पण नाही.

प्रोजेक्टसाठी माझा सल्ला एकच, माहीत असलेली ठिकाणं मॉडेलमध्ये आधी घालू नकोस. वाट निघू दे, मग लेणी, पाण्याची टाकी, नाण्यांचे साठे तिच्यावर ठेवून बघ. जे बसतं त्यापेक्षा जे बसत नाही त्यावर जास्त लिही.

प्रश्न: मी मस्कतला असतो. समुद्रात रस्ता नसतो, मग जहाजांच्या रेघा कशा काढतात? (मूळ रत्नागिरीचे वाचक)

उत्तर: तुम्ही अशा ठिकाणी बसलाय की उत्तर तुमच्या खिडकीबाहेर आहे. समुद्रात रस्ता नसतो पण वेळापत्रक असतं. थोरला प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की नाईल नदीवरच्या कॉप्टसहून उंटावरून १२ दिवसांनी बेरेनिके बंदर, भर उन्हाळ्यात तिथून निघायचं, ३० दिवसांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओकेलिस, तिथून वाऱ्यावर सोडलं की ४० दिवसांत केरळातलं मुझिरिस. परत यायचं डिसेंबरमध्ये. म्हणजे इथं रेघेपेक्षा महिना महत्त्वाचा, ऑगस्टमधली रेघ जानेवारीत लागूच नाही. चांगल्या डिजिटल नकाशात महिना बदलायची पट्टी असते, सरकवली की अर्ध्या रेघा नाहीशा होतात. छापील नकाशात सगळे महिने एकमेकांवर छापलेले असतात त्यामुळे वाटतं बारा महिने जहाजं ये-जा करत होती. कोकणातला माणूस यावर कधी विश्वास ठेवणार नाही, नारळी पौर्णिमेआधी होडी कोण लोटतं?

बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली आणि अगदी अलीकडे संगमरवरी बुद्धमूर्ती पण निघाली, त्यामुळे दोन्ही टोकं पक्की आहेत. मधल्या समुद्रासाठी वाऱ्यांचा डेटा लागतो. नंतरच्या काळासाठी तर खजिनाच आहे, १७५० ते १८५० मधल्या इंग्लिश, डच, फ्रेंच, स्पॅनिश जहाजांच्या रोजनिशा एका युरोपियन प्रकल्पात कॉम्प्युटरवर घेतल्या गेल्या, मूळ हेतू जुनं हवामान अभ्यासायचा, पण रोजची जागा आणि वारा लिहिलेला असल्यामुळे ती सगळी टिंबं एका नकाशावर टाकली की कुणी न काढलेल्या वाटा आपोआप उमटतात. केप ऑफ गुड होपकडे जाणारी जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं न जाता पार ब्राझीलकडे झुकून, लांबचा वळसा घेऊन जातात, वाऱ्यासाठी. लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं अडीच-तीनशे वर्षं आधीपासून हाच वळसा घेत होती, मार्च-एप्रिलमध्ये निघून पावसाळा सरता सरता मांडवीत.

एक सावधगिरी, बुडालेलं जहाज सापडलं की त्या जागेवरून रेघ ओढायचा मोह होतो. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली एक जहाज सापडलं, फळ्या दोरीनं शिवलेलं, अरबी धाटणीचं, आत साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी, एका वाडग्यावरचं साल ८२६. चीन आणि पश्चिम आशियातला थेट समुद्री व्यापार यातून दिसतो. पण जहाज बुडतं ते वाट चुकल्यावर किंवा खडकावर आपटल्यावर, ती जागा नेहमीच्या वाटेवरची असेलच असं नाही.

प्रश्न: आम्ही बंजारा. आजोबा लदेणीच्या गोष्टी सांगायचे, बैलांवर मीठ-धान्य लादून तांडे कुठून कुठं जायचे. तुमच्या नकाशांमध्ये ग्रीक आहेत, रोमन आहेत, आम्ही कुठं आहोत? (यवतमाळ जिल्ह्यातली वाचक)

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. खरं आहे, तुम्ही या नकाशांत जवळपास नाही आहात, आणि कारण साधं आहे, हे नकाशे लिहिलेल्यावरून बनतात आणि लदेणी करणाऱ्यांनी लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं ते बाहेरचे, फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटले की कसं थांबून राहावं लागतं ते लिहितो, पण त्याला अडलेला रस्ता दिसला, तांडा कुठून आला आणि चारा-पाणी कुठं घेतलं हे त्यानं कशाला लिहावं. मोगलांच्या फौजांना धान्य पोचवणारे, कोकणातलं मीठ देशावर आणणारे, लमाण हा शब्दच लवणावरून आला असं मानतात, आणि नकाशावर एक रेघ नाही.

पण करता येतं, आणि दुसरीकडे केलंय. मायकल फ्रॅचेटी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली 'नेचर' मासिकात मध्य आशियातल्या रेशीम मार्गांवर काम छापलं. त्यांनी शहरं बघितलीच नाहीत, गवत बघितलं. ७५० ते ४००० मीटर उंचीच्या डोंगरपट्ट्यात उपग्रहावरून चांगला चारा कुठं उगवतो ते घेतलं, मेंढपाळ उन्हाळ्यात वर चढताना चाऱ्यामागे कसे सरकतील हे कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा चालवलं, आणि हळूहळू वाटा तयार झाल्या. मग त्यावर रेशीम मार्गाची माहीत असलेली ठिकाणं ठेवली, जी मॉडेलला सांगितलेलीच नव्हती, तर त्या उंचीवरची जवळपास ७५ टक्के ठिकाणं त्या वाटांवर बसली. म्हणजे डोंगरातला रेशीम मार्ग गुराख्यांच्या पायांनी पडला आणि व्यापारी नंतर त्याच वाटेनं गेले. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

सीरिया आणि इराकच्या उत्तर भागात अजून एक रीत वापरली. अमेरिकेच्या 'कोरोना' हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले, त्यात हजारो वर्षं माणसं-जनावरं चालून खोल गेलेल्या वाटा काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात, आज तिथं नांगर आणि कालव्यांनी सगळं पुसलंय पण फोटोत आहे. ते उपग्रह आपल्यावरूनही गेले होते.

तुमच्याकडे मात्र या सगळ्याहून मोठी गोष्ट आहे, गाणी आणि गोष्टी. आजोबा असतील तर आजच फोनवर रेकॉर्ड करा, नसतील तर तांड्यात जे कुणी सत्तरीच्या वरचे आहेत त्यांचं करा. वाट विचारू नका, वाट सांगता येत नाही, मुक्काम विचारा. पाणी कुठं होतं, बैल कुठं चरायचे, कुठल्या गावात मीठ उतरवलं, कुठं ओझं उतरवून घाट चढले, कुठल्या नदीला किती दिवस थांबावं लागायचं. गावाचं नाव गोरबोलीत जसं म्हणतात तसंच लिहा, बदलू नका. दोन-तीन तांड्यांच्या मुक्कामांची यादी जमली की मला पाठवा, नकाशा आपण मिळून करू, आणि त्यावर सांगणाऱ्यांच्या तांड्याचं नाव पुराव्याच्या जागी येईल, जसं ग्रीक पुस्तकाचं येतं.

प्रश्न: घरच्या लॅपटॉपवर सुरुवात करायची तर काय लागतं? (नागपूर, नाशिक, वसई, सगळीकडून)

उत्तर: क्यूजीआयएस नावाचं नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. पण पहिले पंधरा दिवस ते उघडू नका, एक्सेल उघडा. एका ओळीत एक नोंद. ठिकाण, त्याची सगळी नावं, काळ कधीपासून कधीपर्यंत, पुरावा, आणि तुमची खात्री किती, पक्की, बरी की अंदाज. हा शेवटचा रकाना रिकामा सोडायचा नाही.

नावांचा घोळ सगळ्यात मोठा. भृगुकच्छ, भरुकच्छ, बॅरिगाझा, भडोच, भरूच, पाच नावं आणि गाव एक, म्हणून प्रत्येक ठिकाणाला एक नंबर द्यायचा आणि सगळी नावं त्या नंबराखाली. प्राचीन ठिकाणांसाठी 'प्लेयाडीज' हा खुला कोश असंच करतो, त्यांचा नंबर वापरलात तर तुमचा नकाशा दुसऱ्यांच्या नकाशाला जोडता येतो. जुना सर्व्हेचा नकाशा स्कॅन करून बसवत असाल तर तो 'एव्हरेस्ट' नावाच्या पृथ्वीच्या जुन्या मोजमापावर आहे आणि तुमचा जीपीएस वेगळ्या मोजमापावर, सेटिंग न बदलता बसवला की सगळं थोडं सरकलेलं येतं, घाटाच्या तोंडाशी तेवढ्यानं वाट दरीत जाते.

आणि हात जोडून एक विनंती, रानात उघड्यावर असलेल्या, राखण नसलेल्या जागांचे अचूक आकडे ऑनलाईन टाकू नका. गुप्तधन शोधणारे कुदळी घेऊन पोचतात. तालुका लिहा, पुरे.

प्रश्न: आठवीच्या मुलांना नाणेघाटात नेतेय. नुसती सहल नको, नकाशाचं काहीतरी करून घ्यायचंय. काय करता येईल? (जुन्नर तालुक्यातली शिक्षिका)

उत्तर: बाई, याच्याइतकं चांगलं काहीच नाही. कल्याण आणि जुन्नर यांच्यामधली ही वाट, वर सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख, दगडी रांजण, जकात त्यात टाकायचे म्हणतात, आणि जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी. मोठ्यांच्या फोनवर जीपीएस ट्रॅक चालू करून खालून वर चढा, म्हणजे वैशाखऱ्याच्या बाजूनं. मुलांचे गट करा, एका गटानं दर पंधरा मिनिटांनी वेळ लिहायची, एकानं पाण्याची टाकी कुठं लागली ते, एकानं कापलेल्या पायऱ्या आणि फरसबंदी कुठून कुठपर्यंत ते, आणि एका गटाच्या पाठीवर चार-पाच किलोची पिशवी द्या, बाकीच्यांपेक्षा ते किती मागे पडतात ते मोजा. हा आकडा सोन्यासारखा असतो, लादलेल्या चालीचे असे खरे आकडे फार कमी मिळतात. उतरायची वेळ वेगळी लिहा. शाळेत आल्यावर तो ट्रॅक नकाशावर टाका आणि शेजारी कॉम्प्युटरला त्याच दोन टोकांमधली सोपी वाट काढायला सांगा, दोन्ही रेघा कुठं वेगळ्या होतात तिथं बोट ठेवून मुलांना विचारा की इथं आपण असे का वळलो, त्यांना आठवत असतं, तिथं कडा होता, तिथं सावली होती, तिथं पाणी होतं. पाऊस संपल्यावर लगेच नका नेऊ, पायऱ्यांवर शेवाळ असतं, दिवाळीनंतर न्या आणि ट्रॅकची फाईल पिशवीच्या वजनासकट मला पाठवा.